सात सेंटिमीटर

तुकडीत सगळे त्याला सुई म्हणत. पन्नास पावलांवरून तो बाटलीचं बूच उडवायचा, बाटलीला धक्का न लागता. अशा माणसाने अर्ज दिला, की माणसावर गोळी झाडणं माझ्या मनाला पटत नाही, मला मोकळं करा. तेव्हा छावणीत हशा पिकला.

तुकडी सोमवारी आघाडीवर निघणार होती. त्याची सुनावणी लागली शुक्रवारी.

बाहेरच्या बाकावर बायको त्याच्या घरच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. "आत गेल्यावर शहाणपणा नको," तिने बजावलं. "हो म्हणा, नाही म्हणा, तिसरं काही बोलू नका."

आत मेजरसाहेब, डॉक्टरबाई आणि कारकून. टेबलावर त्याच्या परवाच्या सरावाचा कागद पसरला होता. कागदावर माणसाची काळी आकृती, आणि आकृतीत एकही भोक नाही.

"तीस गोळ्या, सगळ्या वाया," मेजर म्हणाले. "मनाला पटत नाही हे सिद्ध करायचं तर साक्षीदार हवेत, सहा महिने हवेत. त्यापेक्षा मी 'नेमबाजीस अपात्र' असा शेरा मारतो. सही कर, संध्याकाळी घरी जा."

सुईने पेन उचललं. शेरा वाचला. पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे, साहेब. माझा नेम चुकलेला नाही."

"अरे, तुझ्याच फायद्याचं आहे!"

दाराच्या फटीतून आवाज आला, "अहो, चुकला म्हणा की! कोण बघतंय मेला तुमचा नेम!"

"ह्या कोण?"

"घरची मंडळी, साहेब."

"मग ऐक की त्यांचं."

सुईचे कान लाल झाले. त्याने कारकुनाची पेन्सिल मागून घेतली आणि आकृतीबाहेरची भोकं एकेक करून जोडली. रेघ पुरी झाली तेव्हा काळ्या माणसाभोवती दुसरा, जरा जाडा माणूस उभा राहिला होता.

डॉक्टरबाईंनी पट्टी काढली. डोक्याशी, खांद्याशी, गुडघ्याशी मोजलं. "सगळीकडे सात सेंटिमीटर. काखेत साडेसात."

"तेव्हा वारा होता," सुई पुटपुटला.

मेजर ताडकन उठले. "असा नेमबाज मी सोडू? सोमवारी पहिल्या गाडीत बसायचं!"

"घ्या!" फटीतून आवाज आला. "हात दाखवून अवलक्षण!"

डॉक्टरबाई पट्टी पुसत म्हणाल्या, "न्या ना, साहेब. तिथेही हा सातच सेंटिमीटर बाहेर मारेल. आणि खोटं तर लिहिणार नाही. रोज संध्याकाळी कळवेल: झाडल्या तीस, लागल्या शून्य. खाली सही तुमची."

मेजर हळूहळू खाली बसले.

"आणि साक्षीदार म्हणाल," बाई म्हणाल्या, "तर घरी जायचा कागद हातात असताना जो खोटी सही करत नाही, त्याला आणखी साक्षीदार कशाला?"

मेजरनी बराच वेळ कागदातल्या जाड्या माणसाकडे पाहिलं. मग शेरा खोडून लिहिलं: 'मनाला पटत नसल्याने सेवामुक्त.'

सुई जागचा हलेना.

"आता काय?"

"नेमबाजीचा रकाना रिकामा राहिलाय, साहेब."

मेजरनी दात-ओठ खात लिहिलं: 'उत्तम.'

बाहेर आल्यावर सुई म्हणाला, "पण वारा असला तरी काखेत साडेसात झालंच कसं?"

बायकोने गाठोडं त्याच्या छातीवर फेकलं. ते बरोबर मधोमध बसलं.