म्होरं या

"अवो, क्यामेरा घेतलाय न्हवं?"

लँब्रेटा स्कूटरच्या मागच्या सीटवरून बिस्मिल्लाने हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि कॅमेऱ्याची पिशवी तर तिच्याच गळ्यात होती. बाबालालने नुसती मान हलवली. बावीस वर्षांच्या संसारात नवराबायको फिरायला म्हणून पहिल्यांदाच निघाली होती, त्यामुळे तिला कशाचीच खात्री वाटत नव्हती.

पौडच्या बाजारात बाबालालचा फोटो स्टुडिओ होता. मुळशी तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या त्याच्या खुर्चीत बसून गेल्या होत्या, पण बायकोचा एकटीचा म्हणून एक फोटो घरात नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गेल्या महिन्यात थोरली फहमिदा सासरी निघताना म्हणाली, "अब्बा, अम्माचा एक फोटू द्या, भिताडाला लावीन." सगळ्या निगेटिव्ह धुंडाळल्या. बिस्मिल्ला सापडली ती कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, पाठमोरी, हातात वाढायचं भांडं घेऊन.

"मग माजा धरणावर काडा," ती म्हणाली होती. "पान्याजवळ. दुकानाच्या काचंत त्या नवऱ्या उभ्या हायेत, तसा."

महिनाभर बाबालालने आज ऊन नाही, उद्या गिऱ्हाईक आहे, अशा सबबी सांगितल्या. शेवटी सबबीसुद्धा संपल्या.

मालेच्या पुढे गोजराबाईची टपरी लागली. भात कापून झालेली खाचरं दोन्ही अंगांना पिवळी पडली होती. बाबालालने कांदाभजी सांगितली. गोजराबाईने झारा कढईत ठेवून बिस्मिल्लाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"का वं बाबालाल, ही कोन पाव्हनी?"

"बायकू हाय माजी."

"व्हय? मला वाटलं, तुमी फकस्त दुसऱ्याच्याच जोड्या बघता." ती हसली आणि भज्यांचा कागद बिस्मिल्लाच्या हातात देत म्हणाली, "आदी दर ऐतवारी धरनावर असायचा बग तुजा नवरा. जोडप्यांची रांग लागायची. आता नऊ वर्सं झाली, हिकडं फिरकलाच न्हाई."

बिस्मिल्लाने नवऱ्याकडे पाहिलं. तो चहात भजं बुडवत होता. चहात भजं बुडवणाऱ्या माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, एवढं कळायला बावीस वर्षं पुष्कळ झाली.

नऊ वर्षांपूर्वी, अशाच थंडीच्या दिवसांत, पुण्याचं एक जोडपं धरणावर आलं होतं. लग्नाला आठ दिवस झालेले. बाबालालने त्यांना पाण्याच्या कडेच्या काळ्या कातळावर उभं केलं होतं. ती त्याची ठरलेली जागा. "अजून जरा मागं," तो म्हणाला होता. "डोंगर येतोय. आणखी थोडं मागं." दोन फोटो काढले, प्रती पाठवायच्या म्हणून पत्त्याची चिठ्ठी घेतली आणि तो घरी आला. त्या दोघांना ती जागा आवडली होती, ती तिथेच रेंगाळली.

दिवस कलायच्या आत हवालदार दारात आला. दोघंही कातळावरून पाण्यात गेली होती, पंचनाम्याला फोटो पाहिजे होते. कॅमेऱ्यात सकाळचाच अर्धा रोल होता, दुसरा जवळ नव्हता. अंधाऱ्या खोलीत तो रोल धुतला तेव्हा पाचव्या-सहाव्या चौकटीत ती दोघं हसत उभी होती आणि सातव्या-आठव्या चौकटीत काठावर आडवी होती. मध्ये एक बारीक रेघ, बस्स.

पंधरवड्याने मुलीचे वडील आले. हसरा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, "इतक्या कडेला कशाला उभी राहिली हो पोरगी?"

"आपणहूनच उभी राहिली," बाबालाल म्हणाला होता.

पुन्हा कुणी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने एकाही माणसाला मागे हो म्हणून सांगितलं नाही. चौकट कमी पडली की स्वतःच मागे सरकायचा. स्टुडिओतल्या मागच्या भिंतीचा चुना त्याच्या पाठीने पार उडाला होता. "बाबालालला भिंतीचा टेकू लागतोय," असं म्हणून बाजारातले लोक हसायचे. तोही हसायचा.

धरणाची भिंत बघून झाली. बिस्मिल्ला कौतुकाने इकडेतिकडे बघत होती, पाणी आभाळाइतकं आहे म्हणत होती. मग काठावर एका जांभळीखाली बसून दोघांनी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. गोड मलिद्याचा डबा तिने नंतरसाठी ठेवला. पदर सारखा केला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला.

"कुटं उभी ऱ्हाऊ? त्या कातळावर?"

दुकानाच्या काचेतल्या सगळ्या नवऱ्या तिथेच उभ्या होत्या, तिला ती जागा पाठ होती. ती निघालीसुद्धा. बाबालालने तिचा दंड धरला. इतक्या जोरात, की बांगडी पिचली.

"तितं न्हाई."

"का?"

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षं ज्या गोष्टीला वाचा फुटली नव्हती, ती पाण्याकडे पाठ करून सांगितली. शेवटी त्या बापाशी काय खोटं बोलला तेही सांगितलं.

बिस्मिल्ला पिचलेल्या बांगडीचे तुकडे वेचत होती.

"झोपंत म्हनता तुमी," ती म्हणाली. "म्होरं या, म्होरं या. मला वाटायचं, मलाच बोलीवताय. मी आपली सरकून झोपायची."

तिने मलिद्याचा डबा उघडला आणि डोक्यावरून पदर घेतला.

"नावं काय हुती त्यांची?"

त्याने दोन्ही नावं सांगितली, पत्त्यासकट. मग म्हणाला, "आपल्यातली न्हवती ती."

"मेलेल्याला काय आपला आन् काय परका," ती म्हणाली आणि तिने मलिद्यावर त्या दोघांच्या नावाने फातेहा दिला. दोघांनी घास घास खाल्ला. गूळ जरा जास्तच झाला होता. "त्या बापाला पत्र घाला," डबा बंद करताना ती म्हणाली. "खरं काय ते लिवा. हयात आसंल तर वाचंल."

"घालतो."

"आन् आता माजा फोटू."

बाबालालने तिला जांभळीखाली, घट्ट जमिनीवर उभं केलं. ऊन पाण्याच्या बाजूने येत होतं, म्हणून तो स्वतः कातळावर गेला. कॅमेरा छातीशी धरून वरच्या काचेत खाली बघू लागला. काचेत बिस्मिल्ला होती आणि तिच्या मागे झाड. बावीस वर्षांत त्याने तिला असं नीट बघितलं नव्हतं. कपाळावर एक बारीक व्रण होता, तो कधी पडला हेही त्याला ठाऊक नव्हतं. तिचे पाय चौकटीत मावत नव्हते. सवयीने तो एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक. पाठीला भिंत लागेपर्यंत सरकायची त्याची सवय.

भिंत लागली नाही. टाचेखाली ओलं शेवाळ लागलं.

काचेत बिस्मिल्लाचा हात पुढे आला. ती ओरडली नाही. झोपेतल्या माणसाला उठवावं तसं हळू म्हणाली, "म्होरं या."

त्याच्या बोटाने बटण दाबलं गेलं. मग त्याने डोळे वर केले आणि एकेक पाऊल टाकत पुढे आला, तिचा हात हाताला लागेपर्यंत. दुसरा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही.

पत्र त्याने त्याच आठवड्यात टाकलं. उत्तर आलं नाही, तसंच पत्र परतही आलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास फहमिदा माहेरी आली तेव्हा फोटो चौकटीत बसवून तयार होता. पाणी नाही, डोंगर नाही. पुढे केलेला हात हलल्यामुळे पुसट आलेला, ओठ अर्धे उघडे. फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो आणि असा, म्हणून बाजाराने पुन्हा हसून घेतलं होतं.

फहमिदाने तो उजेडाकडे धरला. "अब्बा, अम्मा ह्यात काय म्हनतीया?"

बाबालालने तिच्या हातातून फोटो घेतला आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसली.

"बोलीवतीया," तो म्हणाला.