बसल्या मापाचा कुर्ता

मित्रांनो, मी पांढऱ्या खादीचा एक कुर्ता. तीन वर्षांचा झालो, आणि माझ्या मालकिणीच्या अंगावर चढलो तो मोजून अकरा वेळा. बाकी बहुतेक दिवस काचेच्या कपाटात काढले. तुम्ही म्हणाल, काचेत राहणं म्हणजे केवढा मान! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दुरून डोंगर साजरे, हे मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला, तानबा शिंप्याच्या दुकानात झाला. दुकानामागच्या गल्लीत सरिताबाई आणि त्यांची लेक काजल राहत. काजल तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचे पाय जन्मापासून तिला उभं राहू देत नाहीत, आणि उजव्या हाताची बोटं मिटलेलीच असतात. ती चाकाच्या खुर्चीत बसते. बाजारातले कपडे तिच्यासाठी शिवलेले नव्हतेच, त्यामुळे आईच ते तिच्या डोक्यातून ओढायची, बाहीत हात कोंबायची. सरिताबाईंना कामावर जायची घाई असे. काजल तोंडातून चकार शब्द काढत नसे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला रोज दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घ्यावे लागणं काय असतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

बुद्धपौर्णिमा महिन्यावर आली होती. विहारात त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून येतात. काजलने हट्ट धरला, की यंदा पांढरा कुर्ता माझा मी घालणार.

तानबाने पन्नास वर्षांत गावभराची मापं घेतली होती, आणि एकजात सगळी उभ्याने. म्हणून काजललाही आईने आणि शेजारणीने दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. ती थरथरत होती आणि तानबा म्हणत होता, "हालू नको पोरी, माप चुकन." कुर्ता झाला सुरेख. पण ती खुर्चीत बसली आणि तो पुढून गळ्याशी चढला, मागून बुडाखाली गोळा झाला. उजवा हात तर बाहीच्या मुंढ्यातून आत जाईचना. तो माझा थोरला भाऊ. बिचारा त्याच दिवशी बाद झाला.

"काका, मले तं दिवसभर बसाचं हाय," काजल म्हणाली. "मंग माप उभ्यानं काऊन घेता?"

तानबा वरमला. गळ्यातली टेप काढून त्याने तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बैठक मारली. "माह्यं चुकलं बाई," तो म्हणाला. "आता तू बसतं तशीच बस. मीच खाली बसतो."

त्या बसल्या मापातून मी कापला गेलो. माझी पाठ आखूड, म्हणजे बुडाखाली घडी येत नाही. पुढचा भाग मांड्या झाकेल इतका लांब. उजवी बाही ऐसपैस. उजव्या कुशीला वेल्क्रोची चिकटपट्टी, तिथे डावा हात सहज पोचतो. वर पाच बटणं, पण ती नुसती दिसण्यापुरती. शिवून झाल्यावर तानबा माझ्याकडे बघतच राहिला. "हा मापाचा कुर्ता," तो म्हणाला. "याच्यावरून तुले असे धा शिवून देतो."

पौर्णिमेच्या सकाळी काजलने खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर सरिताबाई येरझारा घालत होत्या.

"झालं का वं?"

"थांब."

"येऊ का आत?"

"येऊ नको म्हनलं ना!"

पाऊण तास लागला. दार उघडलं तेव्हा मी तिच्या अंगावर होतो, डावा खांदा जरा घसरलेला. तो नीट करायला सरिताबाईंचे हात पुढे आले आणि मधेच थांबले. "राहू दे," त्या म्हणाल्या, "मस्त दिसून राह्यली." आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. मित्रांनो, त्या दिवशी विहारात मी इतका मिरवलो की विचारू नका.

आणखी दहा वेळा तिने मला घातलं. दर वेळी तिला थोडा कमी वेळ लागे. मग माझी कीर्ती शहरातल्या एका फॅशन कॉलेजात पोचली आणि तिथल्या नंदिनी मॅडम घरी आल्या. अपंगांच्या कपड्यांच्या स्पर्धेचा त्यांचा कार्यक्रम होता. "दोन दिवस द्या कुर्ता. काजललाच तो घालून मंचावर आणू," त्या म्हणाल्या. नाही कोण म्हणणार? सरिताबाईंनी मला धुऊन, इस्त्री करून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहतो तर मंचाला सात पायऱ्या. खुर्ची वर कशी न्यायची, याचा विचारच कुणी केला नव्हता. "आता वेळ नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तू समोर बसून बघ. पुढच्या वेळी नक्की."

मला एका उंच, चालत्याफिरत्या मुलीच्या अंगावर चढवलं. तिला मी मागून आखूड, पुढून लोंबता. दोन मुलींनी टाचण्या टोचून मला कसंबसं सरळ केलं. मग तिला भाड्याच्या चाकाच्या खुर्चीत बसवून मंचावर फिरवलं. शेवटी ती खुर्चीतून उठली, वाकून नमस्कार केला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काजल खाली मागच्या रांगेच्या कडेला होती, आईने ओढून घातलेल्या जुन्या ड्रेसमध्ये. तिचं तोंड मला वरून दिसत होतं. मला माझीच लाज वाटली.

पहिला नंबर आला आणि मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात गेलो. खाली पाटी लागली. तिच्यावर मॅडमचं नाव होतं, त्या उंच मुलीचं होतं. काजलचं नव्हतं, तानबाचंही नव्हतं. सरिताबाई दोनदा मला मागायला आल्या. "प्रदर्शन संपलं की पाठवतो," असं सांगून त्यांना परत पाठवलं. तिकडे तानबाला दिसेनासं झालं, मुलीने त्याला हिंगणीला नेलं आणि दुकान बंद पडलं. ते दहा कुर्ते राहिलेच.

पहिले काही दिवस लोक माझे फोटो काढत. पुढे माझ्याकडे पाठ करून मोबाइलवर बोलत. कपड्याला माणसाची ऊब लागते हो. घाम लागतो, साबण लागतो, वाळत टाकल्यावर ऊन लागतं. मला यातलं काहीच मिळेना. झाडलोट करणाऱ्या अनुसयाबाई तेवढ्या काच पुसताना म्हणत, "लय दिस झाले बापा तुले इथं." मी मनात एवढंच घोकायचो, की काजल येईल.

आणि ती आली. बारावी पास होऊन, याच कॉलेजात प्रवेशाचा फॉर्म भरायला. मला पाहून तिने आईला खुर्ची थांबवायला लावली आणि काचेवर हात ठेवला.

"हात नको लावू पोरी," अनुसयाबाई म्हणाल्या. "पाटी वाच."

"वाचली मावशी. त्याच्यात माह्यं नाव नाई. पण कुर्ता माह्या हाय."

अनुसयाबाईंनी तिच्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं, माझ्या ऐसपैस बाहीकडे पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढली. "घालून दाखव."

उजवा हात बाहीत गेला. पाठ फिरून आली. इतक्या दिवसांनी मला ऊब लागली! डाव्या हाताने तिने चिकटपट्टी ओढली, पुन्हा ओढली, श्वास आत घेऊन ओढली. चार बोटांचं अंतर काही मिटेना.

"मी मोठी झाली ना," काजल हळूच म्हणाली.

मॅडम ऑफिसातून डोकावल्या. "तो कुर्ता? न्या की. या वर्षी आमचा विषय वेगळा आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

आज मी सिंदी मेघेच्या घरात चटईवर पडलो आहे. सरिताबाई ब्लेडने माझी शिवण उसवत आहेत. "आई, सांभाळून काढजो," काजल सांगते आहे, "कापड फाटलं तं माप जाईन." माझे सुटे भाग कागदावर ठेवून, सगळीकडून लागेल तेवढं वाढवून, ती डाव्या हाताने खुणा करते आहे. एक बाही निघाली, दुसरी निघते आहे. मी पुन्हा तिच्या अंगावर जाणार नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? नव्या कुर्त्याचा थोडा हेवाही वाटतो.

मित्रांनो, शिवण पुरती सुटण्याआधी एकच मागणं. कुणासाठी कपडा शिवाल, तर तो माणूस जसा बसतो-उठतो तसं त्याचं माप घ्या. कौतुक करायचं तर करा, पण दोन दिवसांत उरका आणि ज्याचा कपडा त्याला देऊन टाका. काचेत कपडा वर्षानुवर्षं नवाकोरा राहतो, पण पोर तेवढ्यात वाढून जातं.