जाड अक्षराची रुंदी

दिवा गावातल्या नव्या मासळी बाजारात पाच वाजता पाटी उजळायची होती, आणि चार वाजून गेले तरी बायजाबाईंचं नाव काही तिच्यात मावत नव्हतं. पाटी म्हणजे विजेचा पडदा. त्यावर एकेका ओटेवालीचं, म्हणजे ओट्यावर मासळी विकणारीचं, नाव पाळीपाळीने झळकणार होतं. प्रोग्राम ऐरोलीच्या क्षिप्राने हौसेने लिहून दिला होता. बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून ती घाम पुसत होती. मागे तिचे सासरे, हौसेराव, पिशवी धरून उभे होते. साताऱ्यात तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

पडद्यावर उमटलं, ‘बायजाबाई ज्योतिबा को’.

“काय गो,” बायजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मी गिऱ्हाइकाला मावरा शेपटीसकट देते, नि तू माज्या नावाची शेपटी कापतेस?”

ओट्यांवर हशा पिकला. क्षिप्रा कानशिलांपर्यंत लाल झाली. “मावशी, प्रोग्राम आधी नावाची रुंदी मोजतो. जास्त भरली तर अक्षर लहान करतो. मोजमाप म्हणतंय मावतंय, आणि पडद्यावर मावत नाही!”

हौसेरावांनी वर पाहिलं. अक्षरं चांगली जाडजूड, तिरकी. त्यांना काहीतरी खटकलं. बोलावं का? ब्रश धरणाऱ्याने कॉम्प्युटरवाल्या सुनेला काय सांगायचं? चुकलं तर चारचौघांत शोभा. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“माझी एकदा फजिती झाली होती,” ते शेवटी पुटपुटले. “खडूने बारीक अक्षरं आखली, बरोबर बसली. मग रंग भरून जाड केली, तर शेवटचं अक्षर पाटीबाहेर. तुझं तसं नसेल म्हणा.”

क्षिप्राची बोटं थांबली. ती प्रोग्रामच्या ओळी वर-खाली सरकवून पाहू लागली.

“बाबा, अगदी तसंच आहे! मी साध्या अक्षरात मोजलंय, आणि जाड-तिरकं करायची ओळ त्याच्या खाली!”

तिने ती ओळ वर नेली. अख्खं ‘कोळी’ आलं; फक्त वेलांटीचं वरचं टोक कडेला घासत होतं.

“तिरकं अक्षर जरा पुढे झुकतं गं. कडेला बोटभर सोड,” हौसेराव हळूच म्हणाले.

तिने सोडलं. बायजाबाई खूश झाल्या, पण तेवढ्यात पुढचं नाव आलं, ‘जाई गणू’. दुप्पट मोठं.

“हिचा नाव एवढा, नि माजा बारीक? ओटा तर माजा मोठा हाय!”

क्षिप्राने हताशपणे घड्याळ पाहिलं. पाचाला दहा मिनिटं उरली होती. या वेळी हौसेराव चाचरले नाहीत.

“सगळ्यात लांब नाव ज्या मापात बसतं, तेच माप सगळ्यांना दे. एका रांगेतल्या पाट्या आम्ही तशाच रंगवायचो.”

पाच वाजता पाटी उजळली. नावं एका उंचीने येत-जात राहिली. बायजाबाईंचं नाव येऊन गेलं तरी त्या हलल्या नाहीत. ते पुन्हा यायला मध्ये बावीस नावं होती. हौसेरावही त्यांच्या शेजारी थांबले.