दोन्ही बाजूंचा वकील

उचगावात शिंग्यांच्या घरी नवराबायकोचं वाजलं की दुसऱ्या दिवसापासून सगळी बोलणी वकिलामार्फत चालत. वकील म्हणजे बोका. अंगावर काळाभोर कोट, पाय चारही पांढरे, आणि गळ्याखाली पांढऱ्या केसांचे दोन पट्टे, कोर्टात वकील लोक लावतात तसल्या बँडासारखे. भाऊसो शिंगे कोल्हापूरच्या कोर्टात पट्टेवाला होते. दिवसभर काळ्या कोटांत वावरणाऱ्या माणसानं असल्या पिलाला दुसरं काय नाव ठेवायचं?

"वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला सांगा, च्या पांचट झालाय," भाऊसो कपाकडं बघत म्हणायचे.

"वकीलसाहेब, त्यास्नी सांगा, बयाबाईची म्हस आटलीया," मीनाबाई चुलीकडं तोंड करून म्हणायची.

बोका दोघांकडं आळीपाळीनं बघायचा. दोन्ही पक्षकारांचं वकीलपत्र घेऊन दोन्हीकडनं फी उकळणारा असा वकील जिल्ह्यात दुसरा नसेल. फी म्हणजे सुकट. दोघांपैकी कुणाला तरी हसू फुटायचं आणि अबोला मोडायचा.

भाऊसोंची कोर्टात ओळख होती ती आवाजाची. साहेबांनी नाव काढलं की भाऊसो दारात येऊन असा पुकारा करायचे, की आवाराबाहेर चहाच्या गाड्यावर बसलेला पक्षकार कप टाकून पळत सुटायचा. पुकारे तीन. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही की भाऊसो आत वळून म्हणायचे, "गैरहजर." मग त्या माणसाचं काही खरं नसायचं, बाजू न ऐकताच निकाल. म्हणून कुणीतरी गयावया करून पुढची तारीख मागायचं. हे सगळं मीनाबाईनं रोज रात्री जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं, की तिला कोर्ट न बघताच पाठ झालं होतं.

निवृत्त झाल्यावर भाऊसो विसरायला लागले. आधी विहारात चपला विसरले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग एकदा उचगावात उभं राहूनच त्यांनी उचगावचा रस्ता विचारला. इचलकरंजीहून लेक प्रीती भेटायला आली, तर तिला म्हणाले, "या पावणं, बसा. कुठनं आलासा?" प्रीती न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि आता सांभाळून घ्या म्हणाले. थोड्या दिवसांनी मीनाबाईचाही नंबर लागला. भाऊसो तिच्याकडं बघायचे, पण ओळखीचं काही नजरेत यायचं नाही.

वकिलाला मात्र ते विसरले नव्हते. तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला की त्यांना वाचा फुटायची. "वकीलसाहेब, मीनाला म्हणावं, भाकरी करपली." मीनाबाई समोरच बसलेली असायची. ती म्हणायची, "वकीलसाहेब, सांगा, दुसरी टाकलीया तव्यावर." भाऊसो मान डोलवायचे. एवढ्यावर ती खूश होती. नवऱ्यानं तोंडासमोर नाव घेतलं काय आणि बोक्याच्या आडून घेतलं काय, नाव तर तिचंच होतं.

मग वकील म्हातारा होऊन गेला. एका उन्हाळ्यात खाटेखाली आडवा झाला तो उठलाच नाही. मीनाबाईनं त्याला घरामागच्या परड्यात शेवग्याखाली पुरलं. भाऊसोंनी दोन दिवस खाटेच्या पायथ्याकडं बघितलं आणि बोलणं सोडलं. करपलेली भाकरीही ते मुकाट खायला लागले. मीनाबाईनं एकदा मुद्दाम करपवून बघितली होती.

बयाबाई पाटलीण तिची शेजारीण, दुभत्याची बाई. तिच्या गोठ्यात वकिलाची एक लेक होती, चंद्री. पांढरी, अंगभर काळे डाग. मीनाबाई चंद्रीला मागून घरी घेऊन आली. वकील गेला तरी त्याचं रक्त होतं, त्यातनं तसलाच बोका का होणार नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

पहिल्या वेताला चंद्री कुठल्या तरी तांबड्या बोक्याकडं जाऊन आली. दोन पिलं तिरंगी झाली, तिसऱ्याचं अर्धं तोंड पिठाच्या डब्यात घातल्यासारखं पांढरं. मीनाबाईनं एकेक पिलू भाऊसोंच्या मांडीवर ठेवून बघितलं. त्यांनी हातानं बाजूला सारलं.

"असं कसं हुईल?" बयाबाई म्हणाली. "म्हस फळवायची तर रेडा बघतो की आपण. मांजराला बोका बघाय नको व्हय?"

हे मीनाबाईला पटलं. इचलकरंजीत जावई प्रसेनजीत यंत्रमागावर कामाला होता, त्याच्या शेडमध्ये उंदरांसाठी पाळलेला एक काळा-पांढरा बोका होता. चंद्री माजावर आली तशी मीनाबाईनं तिला दुरडीत घातलं, वर लुगड्याचं फडकं बांधलं आणि एस्टीत बसली. कंडक्टरनं विचारलं, तर कोंबडी म्हणून सांगितलं. तेवढ्यात चंद्रीनं गळा काढला. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचा आवाज लई बसलाय, आल्याचा काढा पाजा. अख्खी गाडी हसली आणि मीनाबाईही हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल.

पण मांजराच्या अंगावरचे डाग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्या वेताला कोट अगदी वकिलाचा आला, पण गळा काळाच. पुढच्या वेताला गळ्याखाली पांढरं आलं, तर ते पोटभर पसरलं. एकाला बँड बरोबर होता, पण नाकावर पांढरा ठिपका. तोही तिनं खाटेवर नेऊन ठेवला. भाऊसोंनी ठिपक्याला बोट लावून बघितलं आणि तोंड फिरवलं. गल्लीत लोक म्हणायला लागले, म्हातारा भ्रमला तो भ्रमला, आता म्हातारीनंही मांजरांचा कारखाना काढला. प्रीतीनं फोनवर आईला बजावलं, की आता पुरे कर. मीनाबाईनं ऐकून घेतलं आणि पुन्हा दुरडी काढली. तिला त्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं होतं. भाकरीला नावं ठेवण्यासाठी का होईना, ऐकायचं होतं.

आणि एका वेताला तो आला. काळा कोट, चार पांढरे पाय, गळ्याखाली दोन पट्टे, नाक काळंभोर. बयाबाई बघायला आली आणि दारातच थबकली. मीनाबाईनं यावेळी घाई केली नाही. पिलाला भाऊसोंच्या नजरेआड परड्यात वाढवलं, चांगला बोका होऊ दिला. मग एका संध्याकाळी उचलून खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि आपण परातीपाशी पीठ मळत बसली.

भाऊसोंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग खाकरले.

"या वकीलसाहेब. लई दिवसांनी."

मीनाबाईचा हात पिठातच थांबला.

"तुमच्याकडं एक काम हुतं. आमची मीना कुठं गेलीया, जरा तपास काढा. घरला आली न्हाय. ही बाई हाय, हिला नाव ठेवाय जागा न्हाय, येळंला जेवाय घालती. पर मीनाला सांगा, भांडण मिटलं म्हणावं. घरला ये."

मीनाबाईला आपलं नाव मिळालं होतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"अवो, मीच की मीना."

चुकून दुसऱ्याच कोर्टात शिरलेल्या माणसाकडं बघावं तसं भाऊसोंनी तिच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. मग ते खाटेला धरून उठले, उंबऱ्यात गेले, चौकटीला हात लावून ताठ उभे राहिले. आणि इतक्या वर्षांनी तो आवाज निघाला.

"मीनाबाई भाऊसो शिंगे, हाजीर हो!"

बयाबाई गोठ्यातनं पळत बाहेर आली.

"हाजीर," मीनाबाई मागून म्हणाली. भाऊसो रस्त्याकडं बघत होते. दुसरा पुकारा झाला. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्याला तिनं त्यांचं कोपर धरलं, "हाजीर हाय की ओ." त्यांनी कोपर हळूच सोडवून घेतलं, आत आले आणि बोक्याला म्हणाले, "गैरहजर."

खाटेवर बसले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर काय होतं ते मीनाबाईला ठाऊक होतं. निकाल लागतो. ती त्यांच्याशी बोललीच नाही, बोक्याकडं वळली.

"वकीलसाहेब, पुढची तारीख मागून घ्या. मीनाबाई यायला निघालीया म्हणावं. वाटंत हाय."

भाऊसोंनी विचार केला. "उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीनाबाईनं स्वयंपाक लवकर आटपला. केस विंचरले, प्रीतीच्या लग्नातलं लुगडं नेसली आणि ऊन उतरल्यावर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्यांची नजर जिथं लागते तिथनंच आपण आलो तर, एवढाच विचार तिनं केला होता. भाऊसो उंबऱ्यात आले. पहिला पुकारा झाला आणि ती चालायला लागली, पुकाऱ्यामागं पुकारा ऐकत अगदी त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"हाजीर," ती म्हणाली.

भाऊसोंनी अदबीनं मान लववली. "पावणं, जरा बाजूला सरतासा? आमची मंडळी यायची हाय. वाट दिसंना झालीया."

मीनाबाई बाजूला सरली. मग उंबऱ्यात त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघं रस्त्याकडं बघत राहिली. वकील दोघांच्या पायांत घुटमळत होता. बऱ्याच वेळानं तिनं खाली वाकून त्याला तारीख मागायला सांगितलं.