पंचवीस मिनिटांची झोप

बेकरीवाल्याने पडदा ओढला, खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. खाटेवर त्याची लेक आधीच चादर गुंडाळून आडवी झाली होती. तिला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची.

"बाबा, अडीच वाजलेत. दोन पंचावन्नला उठवा. गजर नको, दचकायला होतं. नुसता खांद्यावर हात ठेवा."

"माहीत आहे गं. महिनाभर हेच तर करतोय."

करत होता खरा. आधी त्याने तिच्या धावण्याच्या प्रशिक्षक बाईंची थट्टाच केली होती. पळण्यासाठी झोपायचं, म्हणजे पोहायला शिकण्यासाठी वाळूत लोळायचं! पण बाईंनी वहीच पुढे धरली. ज्या दुपारी डुलकी झाली, त्या संध्याकाळी पोरगी आठशे मीटर दीड-दोन सेकंद आधीच संपवत होती. "मात्र पंचवीस मिनिटंच हं," बाई म्हणाल्या होत्या. "त्यापुढे गाढ झोप लागते. त्यातून उठवलं की तासभर पाय जड राहतात."

एकदा भट्टीतल्या पावांच्या नादात त्याच्याकडून चाळीस मिनिटं झाली, तेव्हा भिंगरी सगळ्यांच्या मागे रडतखडत आली होती. त्याला कोणी बोल लावला नाही. बापाचं काळीज, झोपू दिलं असेल दमलेल्या लेकीला, एवढंच लोक म्हणाले. आज ते बोलणं त्याच्या डोक्यातून जाता जात नव्हतं.

चारला निवडीची शर्यत होती. पहिली येईल ती दूरच्या क्रीडा वसतिगृहात जाणार, चांगली चार वर्षं. बायको गेल्यापासून घरात माणसं दोनच. पहाटे तीनला उठून पीठ मळताना त्याला सोबत होती ती या पोरीच्या बडबडीची. "खुशाल जा," असं त्याने तोंड भरून म्हटलं होतं, आणि नंतर त्याला जेवण गेलं नव्हतं.

दोन पंचावन्न झाले.

त्याचे हात मांडीवरच राहिले. दहा मिनिटं, फार तर पंधरा. कोणाला कळणार होतं? लेक घरातच राहील आणि त्याच्यावर आळ आला तर मायेचाच येईल. छप्पन्न. चादर संथ वर-खाली होत होती. सत्तावन्न. स्वतःच्या पोरीच्या पायात आपणच खोडा घालायला बसलोय, हे त्याच्या मनात लख्ख उमटलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो उठला. अठ्ठावन्नला त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

भिंगरीने लगेच चादर बाजूला केली. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. मनगटावर घड्याळ होतं, पायांत बूट होते, नाड्यासुद्धा बांधलेल्या.

"अगं, झोपलीच नाहीस?"

"नाही."

"मग पडून कशाला राहिलीस?"

ती खाटेच्या कडेवर बसून केस बांधू लागली. रबर दोनदा पिळून झालं तरी तिचे हात डोक्यामागेच होते.

"तीन मिनिटं जास्त झाली, बाबा."

त्याला मान वर करवेना.

"चुकलो पोरी."

"मी दहापर्यंत मोजणार होते," ती म्हणाली. "दहा झाली असती, तर तुम्हाला मी जायला नकोय असं समजून आज दुसरी यायचं ठरवलं होतं."

बेकरीवाला परत स्टुलावर बसला.

"आणि आता?"

"आता बिनझोपेचंच पळावं लागणार. जिंकायला पळू का, ते तुम्ही सांगा."

त्याने डोळे पुसले, उठून दार सताड उघडलं आणि तिला वाट करून देत भिंतीला चिकटून उभा राहिला.

"पळ," तो म्हणाला.