रिकामा परत येणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा जेवणाचा डबा आहे. माझ्या झाकणाला एका बाजूला पोचा पडला आहे आणि माझी कडी उघडताना 'खट्' असा मोठा आवाज करते. त्या आवाजाची मला एकेकाळी फार ऐट होती. आता तो मला नकोसा वाटतो. का, तेच तुम्हाला सांगायचं आहे. मला तोंड असतं तर हे मी वेळेवर सांगितलं असतं, पण मला नुसतं झाकण आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्र्याच्या तुकड्यावर यंत्राचा एक दणका बसला आणि मला पोट आलं, दुसऱ्या दणक्यात झाकण झालं. दुकानातून मला एका बसचालकानं घरी नेलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढची अठरा वर्षं मी त्याच्या सीटखाली प्रवास केला. इंजिनाच्या उबेनं माझ्यातलं अन्न दुपारपर्यंत कोमट राहायचं. चालकाच्या बायकोचा हात सढळ होता. ती मला असं ठासून भरायची, की झाकणाला गुडघा लावावा लागे.

चालक मला चाटूनपुसून रिकामा करायचा आणि वर डेपोबाहेरच्या टपरीवरचं तळलेलंही खायचा. तेलकट पदार्थ म्हणजे त्याचा जीव की प्राण. दिवसभर बसून काम, पायांना चालणं ठाऊक नाही. पुढे पुढे त्याचं पोट स्टिअरिंगला टेकू लागलं. "साहेब, ब्रेक हातानं लावता की पोटानं?" असं वाहक विचारायचा आणि सगळी बस हसायची. मीही मनातल्या मनात खूश व्हायचो. या माणसाला मी खाऊपिऊ घालतो, असं मला वाटायचं.

एका दुपारी त्यानं बस हळूच कडेला घेतली, ब्रेक नीट लावला आणि मग कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. माणसं ओरडत होती, कुणीतरी त्याच्या शर्टाची बटणं काढत होतं. मी सीटखाली लवंडलेला होतो. माझ्या झाकणाला पोचा पडला तो त्या गडबडीत.

तो वाचला. हृदयाच्या डॉक्टर बाईंनी त्याला एक कागद लिहून दिला. तळलेलं बंद, लोणी बंद, मीठ कमी, गोड कमी, भात मोजून, रोज चालायचं. नाडी कशी मोजायची तेही शिकवलं. तेव्हापासून तो रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसायचा. बायकोनं तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला.

मित्रांनो, त्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. तो पन्नाशीच्या एका आजारी माणसासाठी होता. पण घरात तीन माणसं होती, आणि तिसरं माणूस तेरा वर्षांचं होतं.

ती त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून तिला सगळे लाडानं 'गब्दू' म्हणायचे. चालक रजेवर घरी होता, म्हणून मी आता गब्दूच्या दप्तरात जाऊ लागलो. पहिले काही दिवस छान गेले. मग ती मधल्या सुट्टीत मला उघडून नुसती बघत बसू लागली. आधी पावावरचं लोणी खरवडून निघालं. मग अंड्यातलं पिवळं बाजूला राहिलं, मग बटाटा, मग भात. मग शेंगदाणेसुद्धा ती बोटानं कडेला ढकलायला लागली. ते विंचू असावेत तशी ती त्यांच्याकडे बघायची.

पण घरचा नियम होता, की डबा रिकामा परत आला पाहिजे.

शाळेच्या मागच्या फाटकाशी सायकलींच्या स्टँडखाली एक कुत्रा राहायचा. अगदी मरतुकडा होता. एक दिवस गब्दूनं मला त्याच्यापुढे पालथं केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. आठवड्याभरात तो माझी खट् ऐकून धावत येऊ लागला. नंतर ती मला नळावर घासायची, ओढणीनं पुसायची आणि दप्तरात ठेवायची.

घरी माझं कौतुक व्हायचं. "बघा, घासूनसुद्धा आणते पोर," असं आई दर संध्याकाळी म्हणायची. रात्री पानावर बसायची वेळ आली, की गब्दू म्हणायची, "डब्यानं पोट भरलंय गं." एकदा आत्या आली आणि तिनं गब्दूच्या गालाला हात लावला. "अगं बाई, किती छान बारीक झालीस! काय करतेस, सांग तरी." गब्दू हसली. ते हसू मला खरं वाटलं नाही, कारण तिचे हात कसे गार पडतात ते मला ठाऊक होतं. माझी कडी उघडायला आता तिला दोन्ही अंगठे लावावे लागत होते. जिना चढताना ती तीनदा थांबायची. तिच्या गळणाऱ्या केसांचे पुंजके दप्तराच्या तळाशी माझ्या अंगाला चिकटायचे. आणि मी रोज रिकामा, लख्ख, घरी येत होतो. माझ्याइतका खोटारडा डबा दुसरा नसेल.

एका सकाळी ती मला टेबलावर विसरून गेली.

"मी देऊन येतो," चालक म्हणाला. "बाईंनी चालायला सांगितलंच आहे."

तो रमतगमत निघाला. मागचं फाटक घराला जवळचं, म्हणून तिकडून आला. मधल्या सुट्टीला अवकाश होता. मला कट्ट्यावर ठेवून त्यानं आत काय दिलंय ते बघायला कडी उघडली. खट्.

सायकलींच्या आडून तो कुत्रा धावत आला. चालकाकडे त्यानं बघितलंही नाही. तो माझ्यासमोर बसला आणि शेपटीनं धूळ उडवू लागला.

"काय रे, आपली ओळख आहे का?" चालक हसून म्हणाला.

"ओळख नसायला काय झालं!" फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून म्हणाला. "हा डबा म्हणजे त्याची खाणावळ आहे. तुमची मुलगी का ती? फार मायाळू हो. रोज सगळा डबा त्याला घालते."

"सगळा?"

"सगळा म्हणजे सगळा. आला तेव्हा याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता बघा कसा झालाय."

चालकानं कुत्र्याकडे बघितलं. कुत्रा खरंच गुबगुबीत झाला होता, अंगावर चमक आली होती. चालकाचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं माझं झाकण परत लावलं. रखवालदार अजून कौतुकच करत होता.

घंटा झाली. गब्दू सवयीनं मागच्या फाटकाशी आली. बाबा, डबा आणि कुत्रा असे तिघे एकत्र दिसल्यावर ती जागच्या जागी थांबली.

"बाबा, मला भूक नव्हती," ती म्हणाली. "काल एकच दिवस घातला त्याला."

तो रागावला नाही. त्यानं तिला शेजारी बसवलं आणि तिचं मनगट हातात घेतलं. त्याची बोटं तिच्या मनगटाला वळसा घालूनही उरली. त्यानं घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आजारी हृदयाच्या त्या माणसाला नाडी किती असावी ते पाठ होतं.

"बेचाळीसच ठोके," तो पुटपुटला. "रिक्षा!" अशी हाक त्यानं इतक्या मोठ्यानं मारली, की कुत्रा दचकून पळाला.

दवाखान्यात मीही त्याच्या काखेत होतो. डॉक्टर बाई त्याच होत्या. त्यांनी गब्दूच्या छातीला तारा लावल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पण तुम्हीच लिहून दिलंय ना?" गब्दू हळूच म्हणाली. "मला बाबांसारखं पडायचं नव्हतं."

"तो कागद बाबांचा होता, बाळा," बाई म्हणाल्या. "त्यांना तेल जास्त झालं होतं. तुझ्या वाढत्या अंगाला थोडं तेल, लोणी, शेंगदाणे हवेतच. भातानं, पावानं चालायची ताकद येते. खायलाच मिळालं नाही, की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. आणि हृदय हासुद्धा स्नायूच आहे."

निरोप मिळून धावत आलेली आई भिंतीला टेकून खाली बसली. बाईंनी तिला उठवलं. हा मुलीचा हट्ट नाही, आजार आहे, असं त्या म्हणाल्या. रागावून किंवा बळजबरीनं तो जाणार नव्हता. पोटासाठी आणि मनासाठी वेगवेगळे डॉक्टर लागणार होते, आणि वेळ लागणार होता. अजून दोन-तीन आठवडे गेले असते तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. तो दवाखाना मला अजून आठवतो.

आता कपाटावर दोन कागद आहेत आणि दोन्हींवर नावं आहेत. तिच्या कागदावर आईनं 'गब्दू' लिहिलं नाही, शाळेतलं नाव लिहिलं. आत्यानंही तिच्या अंगाबद्दल बोलणं सोडलं आहे. पण सगळं मिटलं असं मात्र समजू नका. अजून कधीकधी माझं झाकण उघडून ती बराच वेळ बसते. कुत्रा दूर उभा राहून वाट बघतो. तेव्हा मीही नुसता वाट बघतो, कारण खट् वाजण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचा डबा रिकामा आला म्हणून लगेच खूश होऊ नका. तो कुणी रिकामा केला ते बघा. जेवणाऱ्याचे हात हातात घेऊन बघा. आणि जेवणाची भीती तुम्हालाच वाटत असेल, तर मोठ्यांना सांगा. डब्याला सांगून उपयोग नाही, हे माझ्यावरून कळलंच असेल.

काल संध्याकाळी मी न घासलेला घरी आलो. आईनं झाकण उघडलं. आत अर्धा पाव उरला होता, लोणी लावलेला. एरवी उरलेलं अन्न बघून कपाळाला आठ्या घालणारी ती बाई तो तुकडा हातात धरून रडायला लागली.

त्या पावावर दातांच्या खुणा होत्या.