पहिल्या पाण्याचा कौल

केशराचा कांदा उन्हाळाभर झोपतो, असं म्हणणारा माणूस नौदेहचा नव्हे. नौदेहचं शेंबडं पोरही सांगेल की तो झोपेचं सोंग घेतो. वर माती भाजत असते आणि हा पठ्ठ्या सालीच्या आत गुपचूप फूल घडवत असतो. उन्हाळा सरताच लागणाऱ्या मेहर महिन्यात माती गारठली आणि पाटाचं पहिलं पाणी मिळालं की तो डोळे उघडतो. आधी फूल वर येतं, मागून पात. पण माती कोमट असताना पाणी दिलं तर घात होतो. पात आधी उठते, फूल तिच्या गर्दीत अडकतं, नाहीतर आतल्या आत कुजतं. आणि एकदा जागा झालेला कांदा कुणाच्या बापाला पुन्हा निजवता येत नाही.

तेव्हा पाणी कधी सोडायचं, हा गावाचा वर्षाचा एकच प्रश्न, आणि एकतीस वर्षं त्याचं उत्तर माहरुखचे तळपाय देत आले होते. पहाटे ही गावाची खाला, म्हणजे मावशी, अनवाणी वाफ्यात उभी राही. गावचे पुरुष बांधावर तिच्याकडे पाठ करून थांबत, कारण परक्या बाईचे उघडे पाय बघणं बरं नव्हे. गार मातीनं पाय चावले की ती म्हणे, "सोडा." मग पाटकरी डोंगरातून येणारं पाणी पहिल्या शेताकडे वळवी. मध्ये एकदा शेतीखात्याचा एक पोरगेला साहेब मातीत खुपसायचं थर्मामीटर घेऊन आला होता. गावानं त्याला चहा पाजला, टरबूज खाऊ घातलं आणि थर्मामीटरसकट परत पाठवलं.

यंदा मात्र माहरुख वाफ्यात उतरली आणि घटकाभरही झाली नाही तोच म्हणाली, "सोडा."

"इतक्या लवकर, खाला?" पाटकरी सफरअलीनं पाठमोऱ्यानंच विचारलं. "मेहरची आज तीन तारीख."

"पाय बर्फ झालेत माझे. तुझ्या कॅलेंडरला विचारू की मातीला?"

बांधावर हशा पिकला आणि पाणी सुटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिच्या सुनेला, ताहेराला, गालिच्यावर रक्ताचे ठिपके दिसले.

"ननेह, हलू नका. तुमच्या टाचेत काच आहे."

"कसली काच?"

"परवा चहाचा पेला फुटला ना, त्याची. चांगली बोटाच्या पेराएवढी आहे. दोन दिवस हिच्यावर चालताय तुम्ही?"

"काहीतरीच. मला कळलं नसतं का?"

ताहेरानं काच उपसून हातावर ठेवली. मग चहाच्या समोवारमधलं गरम पाणी कपड्यावर घेऊन तिनं सासूच्या तळव्याला लावलं. "काय वाटतं?"

"गार," माहरुख म्हणाली, आणि वाफाळणाऱ्या कपड्याकडे बघतच राहिली.

गेल्या हिवाळ्यापासून तिचे पाय गारच होते. भर उन्हाळ्यात ती लोकरीचे मोजे घालत होती. शहरातल्या डॉक्टरनं रक्तात साखर असल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं चहाबरोबरचा साखरेचा एक खडा कमी केला होता आणि विषय संपवला होता. आता तिला उमगलं. माती गार नव्हतीच. तिचे पायच गार होते, आणि त्या पायांवर विसंबून तिनं सगळ्या गावाचं केशर अवेळी उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ताहेराला कोरड्या वाफ्यात अनवाणी उभं केलं. "कोमट आहे, ननेह," ताहेरा म्हणाली. "तंदूरमधून काढून ठेवलेल्या रोटीसारखी."

अकरापैकी चारच शेतं भिजली होती. माहरुख लंगडत पाटावर गेली.

"सफर, पाणी बंद कर. माझं चुकलं. पाय मेलेत माझे, त्यांना काही कळत नाही."

सफरअली फावड्यावर रेलला. "खाला, दृष्ट लागली असेल. घरी जाऊन धूप फिरवा."

"ताहेरानं उभं राहून बघितलं. माती कोमट आहे."

"ताहेरा मशहद शहरातल्या फरशीवर वाढली. तिला इथली माती काय कळणार? एकतीस वर्षांत तुमचा शब्द कधी खोटा पडला नाही."

"यंदा पडला. हे बघ." तिनं खाली बसून मोजा ओढला आणि पट्टी सोडली. ती जखम बघून कुणालाही पटलं असतं.

सफरअलीनं झटकन तोंड फिरवलं. "झाका, खाला. मला लाजवू नका. तुम्ही मला आईच्या जागी."

"बघ म्हणते ना मी."

"नाही बघणार." तो डोंगराकडे तोंड करून बोलत होता. "आणि थांबवलं तर ज्या चौघांचं भिजलंय त्यांना काय सांगू? तुमचंच वाटोळं झालं, असं?"

माहरुखनं पट्टी पुन्हा बांधली. चुकीचं बोलली तेव्हा सगळ्या गावानं ऐकलं होतं; आज खरं सांगत होती तर एक माणूस मान वळवायला तयार नव्हता.

तिचं शेत सातवं. रात्री ताहेरा म्हणाली, "आपण तरी आपलं पाणी घ्यायला नको. पुढच्या पाळीला घेऊ."

"आणि गावभर हिरवं गवत माजलं असताना एकट्या आपल्या वाफ्यात फुलं डोलली, तर लोक काय म्हणतील? म्हातारीनं गावाला फसवलं आणि आपलं तेवढं वाचवलं."

"पण तुम्ही सांगितलंत की."

"सांगितलं. ऐकलं कुणी?"

पाळीच्या दिवशी तिनं आपल्या हातानं बांध फोडला. पाणी कोमट मातीत जिरत गेलं आणि ती नुसती बघत राहिली. ताहेरा घरात जाऊन रडली.

सतरा दिवसांनी नौदेहची शिवारं हिरवीगार झाली. जांभळं फूल शोधायला पात बोटांनी विंचरावी लागत होती. बायका संध्याकाळी मूठभर फुलं घेऊन घरी येत. माहरुख शिव्या ऐकायच्या तयारीनं रोज दारात बसायची.

शेवटी सफरअली आला, बरोबर चार कर्ते पुरुष. ती उठून उभी राहिली.

"खाला, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "यंदा आभाळच फिरलं. थंडी आली आणि दगा देऊन मागे गेली. तुमच्या पायांचा काय दोष?"

"माझ्याच पायांचा दोष आहे, सफर."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या सगळ्यात थोरल्यानं डोळे पुसले. "बघा, एवढं नुकसान होऊन हिनं आपल्या अंगावर घेतलं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही कौल हिचाच घ्यायचा. दुसऱ्या कुणाचा नाही."